गाडीतल्या डबीचे गुण

गाडीच्या विम्याचं काम आपण चहा संपायच्या आत उरकून टाकतो, असं बारकीने शनिवारी सकाळी जाहीर केलं. नुसतं जाहीर करून थांबली नाही, कप समोर ठेवून तिने फोन हातात घेतलासुद्धा.

जन्मली तेव्हा अगदी एवढीशी होती, म्हणून घरात तिला बारकी म्हणायला लागले. आता ती बापापेक्षा वीतभर उंच झाली होती, पण नाव काही वाढलं नव्हतं. फिजिओथेरपीची पदवी नुकतीच हातात पडली होती, आणि घरोघरी जाऊन पेशंटांकडून व्यायाम करून घेणाऱ्या एका केंद्रात नोकरीही मिळाली होती. अट एकच, गाडी स्वतःची हवी आणि तिचे सगळे कागद चोख हवेत. गाडी मावशीने दिली. मावशीने मोठी घेतली होती आणि जुनी दारात नुसती उभी होती, तेव्हा घेऊन जा म्हणाली. वाहन परवाना गुरुवारी मिळाला, तोही दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला चढावर गाडी थांबवायची होती. बारकीने ती थांबवली, परीक्षकांकडे बघून हसली, आणि मग दोघं मिळून बराच वेळ मागे मागे गेले होते.

तर आता राहिला होता फक्त विमा.

पहिल्या कंपनीतल्या बाईंनी नाव विचारलं, वय विचारलं, मग परवाना कधी मिळाला ते विचारलं. बारकी अभिमानाने म्हणाली, परवा. यावर बाईंनी एक लांबलचक आकडा सांगितला. बारकीने तो नीट उतरवून घेतला.

"हा तुमचा फोन नंबर झाला," ती म्हणाली. "आता विम्याचा हप्ता सांगा."

"हप्ताच सांगितला," बाई म्हणाल्या.

दुसऱ्या कंपनीतला माणूस फार गोड बोलणारा होता. त्याने गाडी कुठे उभी असते, दाराला कुलूप असतं का, तुमचं लग्न झालंय का, असं सगळं आपुलकीने विचारलं आणि शेवटी पहिल्या बाईंपेक्षा मोठा आकडा सांगितला. तुम्ही चाळिशीच्या असतात तर खूपच स्वस्तात बसलं असतं, असं तो हळहळून म्हणाला. बारकीने विचारलं, तोवर थांबलं तर चालेल का? तिसऱ्या कंपनीने तिचं वय ऐकून फोन एका यंत्राकडे दिला, आणि यंत्राने तिला बराच वेळ बासरी ऐकवली. दुपारपर्यंत बारकीला एवढं कळलं होतं की विम्याच्या पैशात मावशीची गाडी दोनदा विकत घेता आली असती, आणि मावशीने तर ती फुकट दिली होती. चहा आईने दोनदा गरम करून दिला होता. तिसऱ्यांदा तिने तो ओतून टाकला.

आई शिवणकाम करायची. घरातली पुढची खोली तिची. तिथे लोकांचे कोट, गणवेश आणि समारंभाचे झगे टांगलेले असत आणि त्यांच्यामधून वाट काढत स्वयंपाकघरात जावं लागे. आईच्या ओठांत बहुतेक वेळ टाचण्या असायच्या. त्यामुळे ती कमी बोलायची, आणि जे बोलायची ते दातांच्या फटीतून यायचं, म्हणून ते जास्तच खरं वाटायचं.

"बाबांना विचार," आई टाचण्यांमधून म्हणाली.

बाबा लिफ्ट तपासनीस होते. शहरातल्या निम्म्याअधिक इमारतींत लिफ्टच्या आरशाशेजारी जो कागद लावलेला असतो, त्यावर बाबांची सही असायची. लिफ्टमध्ये शिरले की ते डोळे मिटून उभे राहायचे आणि कान देऊन ऐकायचे. दोराची, चाकांची, दरवाजांची, सगळ्यांची नाडी त्यांना आवाजावरून कळे. घरातसुद्धा फ्रीज जरा वेगळा गुरगुरला तर जेवता जेवता घास हातात धरून ते ऐकत बसायचे. गाडीच्या बाबतीत त्यांचा अनुभव दांडगा होता. खात्याची व्हॅन ते वर्षानुवर्षं चालवत होते आणि त्यांच्या शेजारी बसलेल्या एकाही माणसाने कधी तक्रार केली नव्हती. एकदा बसलेला माणूस दुसऱ्यांदा बसत नसे, तेव्हा तक्रार करायला येणार कोण?

बाबांनी सगळं ऐकून घेतलं आणि तोडगा काढला. विमा आपल्या नावावर घ्यायचा. गाडी मुख्यतः आपण चालवतो असं सांगायचं, बारकी आपली अधूनमधून. आईने ओठांतल्या टाचण्या काढून हातावर घेतल्या, म्हणजे ती मनापासून बोलणार होती. हे खोटं आहे, असं ती म्हणाली, आणि खोटं तुम्हाला जमत नाही, असंही म्हणाली. बाबांना यातलं दुसरं वाक्य लागलं. त्यांनी तिथल्या तिथे फोन लावला.

सुरुवात उत्तम झाली. वय, अनुभव, एकही अपघात नाही, सगळं बाबांनी खणखणीत सांगितलं, आणि पलीकडच्या माणसाने इतका लहान हप्ता सांगितला की बारकीने आईचा हात दाबला. मग त्या माणसाने सहज विचारलं, की एवढा अनुभव आहे तर इतकी लहान आणि जुनी गाडी कशी घेतलीत?

"मी कशाला घेतोय हे डबडं?" बाबा म्हणाले. "माझे गुडघे तरी मावतात का त्यात? पोरीची आहे. मी नुसता नावाला."

फोन ठेवल्यावर बाबा बराच वेळ फ्रीजचा आवाज ऐकत बसले.

शेवटी काम झालं ते संध्याकाळी, एका लहानशा कंपनीत. तिथल्या बाईंचा आवाज इतका सावकाश होता की बारकीला आधी वाटलं, आपण त्यांना झोपेतून उठवलं. त्यांनी परवान्याची तारीख ऐकली, आणि आकडा न सांगता एक उपाय सांगितला. गाडीत एक डबी बसवायची. गाडी किती वेगाने जाते, वळणं कशी घेते, ब्रेक कसे लागतात, हे सगळं डबी बघते आणि रोज संध्याकाळी शंभरपैकी गुण देते. महिनाभर तात्पुरता विमा मिळेल. सरासरी ऐंशीच्या वर राहिली तर पुढे वर्षभराचा हप्ता निम्म्याहूनही कमी. साठच्या खाली घसरली, तर विमा बंद.

परीक्षा म्हटल्यावर बारकीला हुरूप आला. गुण मिळवणं हा तिचा हातखंडा होता. शिक्षण सगळं त्याच्यावरच तर झालं होतं.

रविवारी कंपनीचा माणूस आला आणि स्टिअरिंगखाली साबणाच्या वडीएवढी काळी डबी चिकटवून गेला. बाबांनी डबीवर बोटाने टकटक केली, कान लावला, आणि ही कोण तपासतं, असं त्या माणसाला विचारलं. मग बाबांनी गाडीभोवती दोन फेऱ्या मारल्या, चाकांवर लाथा मारल्या आणि ब्रेकबद्दल चिंता व्यक्त केली. मावशी ब्रेक फारसे वापरत नसे. तिचा सगळा भर हॉर्नवर असायचा.

त्या दिवशी बारकीने सरावाला दूरवर चक्कर मारली. संध्याकाळी फोनवर आकडा आला, शहाण्णव. आईने तो शेजारी दाखवला आणि बाबांनी दोनदा वाचला. सोमवारी नोकरी सुरू झाली. बारकीने दिवसभरात पाच पेशंट केले, सगळीकडे गाडी अलगद नेली, अलगद लावली, आणि संध्याकाळी आकडा आला अडुसष्ट. कारण लिहिलं होतं, जोरात ब्रेक.

बारकीने दिवस आठवून पाहिला. जोरात ब्रेक मारल्याचं तिला काही आठवेना. एका मांजरासाठी थांबली होती, पण ते मांजरच इतकं सावकाश चाललं होतं की घाईचं कारण नव्हतं. उद्या आणखी जपून चालवू, असं ती म्हणाली. बघू ब्रेकचं काय ते, असं काहीतरी बाबा जेवताना पुटपुटले, पण ते नेहमीच काही ना काही पुटपुटत.

मंगळवारी ती काठोकाठ भरलेलं दुधाचं भांडं घेऊन निघाल्यासारखी निघाली. गुण बासष्ट. बुधवारी तिला एका सायकलवाल्याने मागे टाकलं, मग बाबागाडी ढकलत पळणाऱ्या एका बाईने, आणि सिग्नलपाशी एक म्हातारे गृहस्थ काचेवर टकटक करून विचारून गेले की गाडी बंद पडली असेल तर ढकलू का. गुण अठ्ठावन्न.

आता आईने लक्ष घातलं. एका झग्यावर तिला मणी शिवायचे होते, तर ती मण्यांनी शिगोशीग भरलेली बशी मांडीवर घेऊन बारकीच्या शेजारी बसली आणि सगळं शहर फिरून आली. एक मणी सांडला नाही. चौकात नाही, वळणावर नाही, रस्त्यातल्या खड्ड्यातसुद्धा नाही. संध्याकाळी दोघी फोन मध्ये ठेवून समोरासमोर बसल्या. आकडा आला चोपन्न.

"डबी खोटं बोलतेय," आई म्हणाली. ओठांत टाचण्या नव्हत्या, तरी दात आवळलेलेच होते.

पण बारकीचा स्वतःवरचाच विश्वास उडत चालला होता. यंत्र कशाला खोटं बोलेल? आपल्याला कळत नाही आणि आपला पाय परस्पर ब्रेक दाबतो, असं काहीतरी असणार. तिने रीतसर उजवा पाय तपासला. घोटा फिरवला, बोटं ओढली, पोटरीवर दाब देऊन पाहिला. पाय निर्दोष निघाला. मग तिला मेंदूची शंका यायला लागली.

इकडे नोकरीचं वेगळंच रामायण झालं होतं. गाडी इतकी हळू चालल्यावर पेशंटकडे वेळेवर पोहोचणार कसं? यादीतला पहिला पेशंट म्हणजे एक निवृत्त न्यायाधीश. त्यांचा खांदा आखडला होता आणि हात छातीच्या वर जात नव्हता. वेळेच्या बाबतीत फार कडक गृहस्थ. उशीर व्हायला लागला की बारकी रस्त्यात गाडी बाजूला घेऊन फोन करायची आणि सांगायची, मी पोहोचेपर्यंत भिंतीवर बोटं टेकवून हात हळूहळू वर सरकवत राहा. न्यायाधीश आज्ञाधारक होते. मनातून कितीही भडकले तरी व्यायाम सोडत नसत. पहिल्या दिवशी बारकी पोहोचली तेव्हा त्यांची बोटं विजेच्या बटणापाशी होती. आठवडा संपता संपता ती कॅलेंडरच्या खिळ्यापर्यंत गेली. दार उघडलं की ते तसेच भिंतीला चिकटलेले असत आणि मान वळवून तिच्याकडे असे बघत, जणू आता शिक्षाच सुनावणार. केंद्राच्या मुख्य बाईंकडे त्यांनी तक्रार केल्याचंही बारकीच्या कानावर आलं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ती न्यायाधीशांच्या इमारतीखाली गाडी लावत होती, तेव्हा विमा कंपनीच्या बाईंचा फोन आला. तोच सावकाश आवाज. सरासरी घसरत चालली आहे, असं त्यांनी हळुवारपणे सांगितलं. मग म्हणाल्या, तुमचं दिवसाचं चालवणं बघून आम्हाला इथे झोप येते, इतकं ते छान आहे. पण पहाटे तुम्हाला कसली एवढी घाई असते?

बारकीला काही समजेना. पहाटे ती झोपलेली असायची, असं तिने सांगितलं.

"तुम्ही असाल," बाई म्हणाल्या. "गाडी जागी असते. रोज पहाटे ती फळबाजाराच्या मागच्या रस्त्यावर जाते, जोरात पळते आणि खाडकन थांबते. परत पळते, परत थांबते. आणि दिवसेंदिवस हे वाढतच चाललंय."

त्या दिवशी न्यायाधीश भिंतीवर किती वर गेले होते, हेही तिने पाहिलं नाही.

घरी आईला सांगितलं तेव्हा आईने मशीन थांबवलं. कोणीतरी गाडी चोरून नेतो आणि परत आणून लावतो, असं बारकीचं म्हणणं पडलं. आईच्या मते परत आणून लावणारा चोर ही काही समजण्यासारखी गोष्ट नव्हती. मग बारकीला सुचलं, की कोणीतरी आपल्या गाडीवर गाडी शिकतोय. शिकाऊ माणूसच असे खाडखाड ब्रेक मारतो. किल्ली तर रात्री स्वयंपाकघरातल्या खिळ्यालाच असते, या मुद्द्यावर दोघी जरा अडल्या. पण मावशीने एक किल्ली कुठेतरी हरवली होती, हे आईला आठवलं आणि सगळं जुळून आलं. बाबा त्या दिवशी परगावच्या एका रुग्णालयाची लिफ्ट तपासायला गेले होते, उशिरा येणार होते. त्यांना यातलं काही कळू द्यायचं नाही, असं ठरलं. कळलं असतं तर त्यांनी घरातली सगळी कुलपं बदलली असती, आणि नव्या कुलपांना तपासणीचा दाखला मिळेपर्यंत कोणाला आत-बाहेर जाता आलं नसतं.

पोलिसांकडे जायचं, तर सांगणार काय? गाडी दारातच उभी होती. आधी चोराला पाहायचं, असं बारकीने ठरवलं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आधी ती हळूच बाहेर आली, गाडी उघडून किल्ली परत खिळ्याला लावून आली, गाडीच्या मागच्या सीटवर आडवी झाली आणि आईने शिवायला घेतलेला एक पडदा अंगावर ओढून घेतला. हत्यार म्हणून हातात घेतली होती ती रबरी हातोडी, पेशंटच्या गुडघ्यावर मारून पाय उडतो का ते बघायची. घरात याहून धारदार वस्तू होत्या, पण हातोडी वापरायची तिला सवय होती. चोर आला की पडदा फेकून उठायचं आणि दरडावून जाब विचारायचा, असा बेत होता. बेतात एकच गोष्ट धरली नव्हती. पडदा जाड होता आणि सीट मऊ. बारकीला गाढ झोप लागली.

ती जागी झाली तेव्हा गाडी चालत होती.

पुढे टोपी कानांवर ओढलेला एक माणूस बसला होता. पडद्याच्या कडेखालून तिला त्याची पाठ तेवढी दिसत होती. दरडावायचं सोडून तिने पडदा आणखी वर ओढला. गाडी वळली, रस्ता सरळ झाला, इंजिन ओरडायला लागलं, खिडकीबाहेरचे दिवे भराभर मागे पळाले, आणि मग खाडकन ब्रेक लागला. बारकी सीटवरून खाली दोन्ही सीटांच्या मधल्या खाचेत जाऊन पडली. पडदाही बरोबर आला. माणसाच्या ते लक्षातही आलं नाही. तो डोळे मिटल्यासारखा स्तब्ध बसून काहीतरी ऐकत होता. मग गाडी पुन्हा पळाली, पुन्हा ब्रेक लागला, आणि बारकीचं नाक पुढच्या सीटच्या पाठीला जाऊन भिडलं.

आता मात्र तिला भीतीपेक्षा राग आला. हेच ते चोपन्न. हीच ती सायकलवाल्यासमोर गेलेली अब्रू. गाडी पुन्हा सुटली तशी पडदा झुगारून ती दोन सीटांच्या मधून वर आली आणि तिने हातोडी उगारली. नेमका त्याच क्षणी माणूस स्वतःशीच बोलला.

"डावीकडे किंचित ओढतेय."

आवाज ओळखीचा निघाला, पण हात तोवर खाली सुटला होता. हातोडी बाबांच्या कोपराच्या जरा वर, शिकवलं होतं त्या बरोबर जागी बसली. बाबांचा हात पुस्तकात लिहिल्याप्रमाणे आपोआप उडाला, स्टिअरिंग त्याच्याबरोबर फिरलं, आणि गाडी फळबाजाराच्या मागे रचलेल्या रिकाम्या खोक्यांमध्ये शिरली. खोकी एकेक करून टपावर आली. शेवटचं खोकं जरा वेळाने, विचार करून आल्यासारखं आलं.

मग सगळं शांत झालं.

बाबांनी आरशात पाहिलं. मागे मुलगी होती, खांद्यावर पडदा, हातात हातोडी. मुलीने पुढे पाहिलं. पुढे बाप होता, कोपर धरून बसलेला. तू इथे काय करतेस, आणि तुम्ही इथे काय करता, हे दोघांनी एकदमच विचारलं, त्यामुळे कोणालाच उत्तर द्यावं लागलं नाही. इतक्यात स्टिअरिंगखालच्या डबीतून आवाज आला.

"गाडीला धक्का लागल्याची नोंद झालीय. आपण सुखरूप आहात का?"

तोच सावकाश आवाज. त्या दिवसापासून बाईंना पहाटपाळी होती. बारकी दचकली, बाबा नाही. अडकलेल्या लिफ्टमध्ये भिंतीतून येणाऱ्या आवाजाशी बोलण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी टोपी काढली आणि डबीकडे तोंड केलं.

"तपासनीस बोलतोय," ते म्हणाले. "आत दोन माणसं आहेत, दोघंही सुखरूप. दरवाजे उघडतायत. दिवा चालू आहे."

असा अहवाल बाईंना आजवर कोणी दिला नसावा. मग त्यांनी विचारलं, गाडी कोण चालवत होतं?

विम्यात नाव फक्त तिचं होतं. बाबांचं नाव घेतलं, तर ज्याला परवानगीच नाही असा माणूस गाडी चालवत होता, म्हणजे विमा गेला. स्वतःचं घेतलं, तर गुण गेले आणि त्यांच्यामागून विमा. दुसऱ्यात निदान बाबा सुटत होते. ती बोलायला तोंड उघडणार, तेवढ्यात बाबांनी दुखरा हात वर करून तिला थांबवलं.

"मी चालवत होतो," ते म्हणाले. "तिचा बाप. रोज पहाटे मीच गाडी काढतो. तिला माहीत नव्हतं, तिची परवानगीही नव्हती. आजपर्यंत पहाटेचे जेवढे ब्रेक लागले असतील, ते सगळे माझे आहेत. तिच्या नावावर लिहू नका."

"पण कशासाठी?" बाईंनी विचारलं.

बाबांना हा प्रश्नच जरा विचित्र वाटला असावा.

"दिवसभर पोरगी बसते ना त्यात," ते म्हणाले.

यावर बाईंनी, कळवते, एवढंच सांगितलं.

दोघांनी मिळून खोकी उतरवली आणि होती तशी रचली. पुढचा बंपर एका बाजूने लोंबत होता, तो बारकीने पडद्याच्या दोरीने बांधला. परत येताना गाडी तिने चालवली. वाटेत बाबांनी सगळं सांगितलं. सोमवारपासून ते रोज पाव आणायला निघाले की गाडी काढून ब्रेक तपासत होते. लपवाछपवी नव्हती, सांगण्यासारखं त्यात काय आहे, असं त्यांना वाटलं होतं. संध्याकाळी गुण पडले की ब्रेकमध्येच दोष आहे, अशी त्यांची खात्री होई. मग दुसऱ्या दिवशी ते आणखी जोरात आणि आणखी जास्त वेळा तपासत. त्यावर गुण आणखी पडत. बारकीने ऐकून घेतलं. तिला रडावंसं वाटत होतं, पण सुरुवात केली ती हसण्याने, आणि मग तेच चालू राहिलं. बाबा मात्र हसले नाहीत.

"तू फार हळू चालवतेस," ते म्हणाले.

घरी आईने पडदा हातात घेतला, उजेडाकडे धरून उलटापालटा केला, आणि टाचण्यांमधून एवढंच म्हणाली की तो गिऱ्हाइकाचा होता.

दोन दिवस कंपनीकडून काही कळलं नाही. बारकी फोन उशाशी घेऊन झोपली आणि बाबा पाव आणायला पायी गेले. तिसऱ्या दिवशी बाईंचा फोन आला. बाबांचं बोलणं त्यांनी वरिष्ठांना ऐकवलं होतं. वरिष्ठांनी ते दोनदा ऐकलं, आणि पहाटेच्या सगळ्या फेऱ्या हिशेबातून काढायला सांगितलं. उरलेल्या दिवसांची सरासरी चौऱ्याण्णव भरली होती. बंपरचा खर्च मिळणार नव्हता. पण महिना नीट संपला तर हप्ता निम्म्याहून कमी, आणि किल्ली यापुढे दुसऱ्या कोणाच्या हाती द्यायची नाही, असं बाबांनी लिहून द्यायचं. बाबांनी ते लिहून दिलं, खाली सही केली, आणि सवयीने तपासनिसाचा शिक्काही मारला.

महिना नीट संपला. वर्षभराचा विमा ज्या दिवशी हातात आला, त्याच दिवशी केंद्राच्या मुख्य बाईंनी बारकीला बोलावून घेतलं. न्यायाधीशांची लेखी तक्रार त्यांच्यासमोर होती. आपल्या उभ्या कारकिर्दीत आपण कोणाची इतकी वाट पाहिली नाही, असं त्यांनी लिहिलं होतं. खाली दुसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं, की आता आपला हात माळ्यावरच्या पेटीपर्यंत जातो आणि कितीतरी वर्षांनी आपण तिच्यातली आपली टोपी स्वतः काढून घातली. मुख्य बाईंनी दोन्ही परिच्छेद विचारात घेतले होते. या मुलीच्या हाताला गुण आहे, पण तिला रस्त्यावर पाठवण्यात अर्थ नाही, असा निकाल त्यांनी दिला. केंद्र एक नवं क्लिनिक उघडत होतं. तिथे बारकीने बसायचं, कायमची नोकरी, पगार वाढवून. पेशंट तिच्याकडे येतील.

क्लिनिक बारकीच्या घरामागच्याच गल्लीत होतं, औषधाच्या दुकानाच्या वर. घरातून निघून कोपरा वळलं की जिना. बारकीने आभार मानले आणि गाडीचं मनातच ठेवलं.

पहिल्या दिवशी ती चालत गेली, चालतच परत आली. गाडी नव्या बंपरसकट दारात उभी होती. संध्याकाळी सगळे जेवायला बसले तेव्हा फोन वाजला. आजचे गुण शंभर, असं त्यावर आलं होतं. अभिनंदन, आज आपल्याकडून एकही चूक झाली नाही.

बारकीने फोन बाबांपुढे सरकवला. बाबांनी घास ताटात ठेवला, चष्मा लावला, आकडा नीट वाचला आणि समाधानाने मान हलवली.

"बघ," ते म्हणाले. "ब्रेक वेळच्या वेळी तपासले, की असं होतं."